तुळशीरामचा आरसा

एकतीस वर्षं मी लोकांच्या कामातल्या चुका शोधल्या आणि सरकारनं मला त्याचा पगार दिला. जबलपुरात संरक्षण खात्याचे चार-पाच कारखाने आहेत, त्यांतल्या एकात मी इन्स्पेक्टर होतो. कोणत्या ते सांगत नाही. गोष्ट माझी आहे, कारखान्याची नाही. तयार पार्ट माझ्या टेबलावर यायचे, मी त्यांना गेज, म्हणजे मापाचा साचा, लावायचो, आणि गेज बसलं नाही तर लाल खडूनं फुली मारून परत पाठवायचो. फुली मारताना माझा हात कधी अडखळला नाही. निवृत्त झाल्यावर या गुणाचा सगळा त्रास नंदाला, म्हणजे माझ्या बायकोला झाला. पोळी गोल नाही हे मी तिला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायची वेळ तिनं येऊ दिली नाही.

तुळशीराम पराते त्याच कारखान्यात ग्राइंडिंगच्या मशीनवर होता. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला साहेब म्हणायचा. कारखान्यात तसंच चालायचं. बाहेर पडल्यावर ते बदलावं असं मला कधी सुचलं नाही, आणि त्यानं सुचवायचा प्रश्नच नव्हता. तो शहरातल्या गढा भागात राहायचा आणि सकाळी दोन तास भाच्याच्या वर्कशॉपमध्ये बसून हत्यारांना धार लावून द्यायचा.

गेल्या जानेवारीत आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दुर्बीण बनवायचं शिबिर झालं. नागपूरहून आलोक नावाचा एक तरुण शिकवायला आला होता. नंदानं माझं नाव परस्पर देऊन टाकलं. "घरात बसून माझ्या पोळ्या मोजण्यापेक्षा काचा घासा जाऊन," असं ती म्हणाली. हॉलमध्ये शिरलो तर तुळशीराम पहिल्या रांगेत, हात गुडघ्यांवर ठेवून बसलेला.

"साहेब, तुम्ही इथं काहून?"

"तू काहून, ते सांग आधी."

"शनी पाहायचा आहे जी," तो म्हणाला. "चाळीस वर्षं दर शनवारी तेल घालून राहिलो त्याला. एकदा तोंड तर पाहू द्या त्याचं."

मी हसलो. तोही हसला. पण तो थट्टा करत नव्हता हे मला हळूहळू कळत गेलं. त्याच्या पत्रिकेत शनी वाईट ठिकाणी बसलाय असं त्याला लग्नाच्या आधीच कोणीतरी सांगितलं होतं, आणि पुढं बायको गेली, मुलगा परगावी जाऊन तिकडचाच झाला, ते सगळं त्यानं शनीच्या नावावर टाकलं होतं. राग नव्हता. ज्यानं एवढं केलं तो दिसतो तरी कसा, एवढंच त्याला हवं होतं. तेही मंडळाच्या तयार दुर्बिणीतून नाही, स्वतःच्या हातानं घासलेल्या आरशातून.

दोघांत मिळून एक आरसा होता. आमची जोडी आपोआप जमली.

काम सांगायला सोपं आहे. सहा इंचाच्या दोन जाड गोल काचा. एक पिंपावर पक्की बसवायची, तिच्यावर पाणी आणि कार्बोरंडमची भुकटी टाकायची, दुसरी वर ठेवून दोन्ही हातांनी मागंपुढं घासायची, आणि घासता घासता पिंपाभोवती फिरत राहायचं. वरची काच हळूहळू मधून खोल होते, खालची फुगत जाते. वरची तो आरसा. सगळी खोली मिळून मिलिमीटरहून जराशी जास्त. ती आली की बारीक भुकटी, मग त्याहून बारीक, आणि शेवटी राळेच्या थरावर गुलाबी पावडरनं पॉलिश. मग त्यावर अॅल्युमिनियमचा मुलामा चढवून आणायचा. आलोक सगळं सांगत होता आणि मी वहीत उतरवून घेत होतो. तुळशीरामजवळ वही नव्हती.

शिबिर चार दिवसांत संपलं. काचा आम्ही माझ्या चेरीतालच्या घरी आणल्या आणि मागच्या व्हरांड्यात पिंप मांडलं. पहिल्याच दिवशी मी घामाघूम झालो आणि काच मात्र जिथल्या तिथं.

"दाबू नका साहेब," तुळशीराम म्हणाला. "काच दाबल्यानं नाही कापत, फिरवल्यानं कापते. तुम्ही तिच्याशी भांडून राहिले."

"वहीत लिहिलंय, थोडा दाब द्यावा."

"वहीला काय माहीत तुमच्या हातात किती दम आहे ते."

त्यानं माझ्या हातांवर आपले हात ठेवले आणि दहा फेऱ्या माझ्यासोबत चालला. त्याचे तळवे खरखरीत आणि कोरडे होते. मग त्यानं मला डोळे मिटायला लावले. भुकटी ताजी असते तेव्हा आवाज खरखरीत असतो, ती झिजली की मऊ होतो, पाणी संपत आलं की काच धरल्यासारखी ओढते. हे सगळं त्यानं मला कानानं शिकवलं. एकतीस वर्षं मी पार्ट पाहिले, पण पार्ट होताना कधी ऐकला नव्हता. पंधरा दिवसांत माझा हात बसला. एके दिवशी मी न मोजता नेमक्या वेळी पाणी टाकलं, तर तो नुसता "अच्छा!" म्हणाला, आणि मला प्रमोशन मिळाल्यावर झाला नव्हता तेवढा आनंद झाला. मित्र म्हणावा असा माणूस मला साठी उलटल्यावर मिळत होता आणि मी ते ओळखलं नाही. त्या दोन महिन्यांइतका मी पुन्हा खूश झालो नाही.

बारीक भुकटीची वेळ आली तशी माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. जाड भुकटीचा एक कण जरी पुढच्या कामात शिरला तर काचेवर ओरखडा उमटतो, हे आलोकनं बजावून सांगितलं होतं. मी नियम केले. हात कोपरापर्यंत धुवायचे, शर्ट बदलायचा, घड्याळ काढायचं. तुळशीराम भाच्याच्या वर्कशॉपमधून येतो म्हणून त्यानं केससुद्धा ओल्या पंच्यानं पुसायचे. त्यानं सगळं केलं. त्याच्या मनगटात शनीचा काळा दोरा होता, बरीच वर्षं न काढलेला. मी म्हणालो, यात भुकटी अडकते, हा चालणार नाही.

त्यानं दोरा बोटानं फिरवून पाहिला. मग म्हणाला, "त्यालाच पाहायसाठी काढून राहिलो, रागावणार नाही तो," आणि नंदाकडून कात्री मागून घेतली. दोरा कापल्यावर त्यानं तो खिशात ठेवला आणि सहज विचारलं, "साहेब, तुमची अंगठी?"

माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात नीलमाची अंगठी होती. साडेसाती लागली तेव्हा नंदानं घातली होती. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही असं मी चारचौघांत सांगायचो आणि अंगठी घालून फिरायचो. खडा कातडीला लागावा म्हणून तिची घडण खालून उघडी होती. बोटाचं पेर सुजल्यामुळं ती निघत नव्हती.

"ती निघत नाही," मी म्हणालो. "मी ब्रशनं धुतो तिला. तू तुझं पाहा."

"हो जी," तो म्हणाला.

एप्रिलमध्ये पॉलिश सुरू झालं. धुरकट काच दिवसेंदिवस पारदर्शक होत गेली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी काम थांबवून तुळशीरामनं आरसा धुतला, उजेडात तिरपा धरला आणि पुन्हा फिरवून पाहिला. मग त्यानंच सांगितलं, "साहेब, ओरखडा आला."

काठापासून निघून आत दोन बोटं आलेली, केसाएवढी रेघ होती. मी आरसा त्याच्या हातातून घेतला. आता आठवतं, त्यानं एकदा माझ्या हाताकडे पाहिलं आणि नजर खाली केली. तेव्हा मला ते पाहायला सवड नव्हती.

"वर्कशॉपमधून काय काय अंगावर घेऊन येतोस!" मी म्हणालो. "किती वेळा सांगितलं तुला! तीन महिन्यांचं काम मातीत घातलंस."

"मी धुऊनच येतो जी."

"धुऊन येतो म्हणे. कारखान्यात तुझा माल मी परत पाठवायचो तो काही उगाच नाही. तुझ्या हाताला सफाई नाहीच, तुळशीराम. तेव्हाही नव्हती."

हे खोटं होतं. त्याचा माल शंभरात एखादाच परत जायचा. मला ते माहीत होतं आणि तरी मी बोललो, कारण बोलताना तोंडाला लगाम नव्हता आणि समोरचा ऐकून घेणारा होता.

तुळशीरामनं हात पुसले. इतकी वर्षं तो माझ्याशी मराठीच बोलला होता. त्या दिवशी म्हणाला, "चलो, ठीक है साहब. हम चलते हैं." जाताना त्यानं पिंपावर ओला कपडा घातला, राळ सुकू नये म्हणून. त्याचा पंचा तारेवरच राहिला.

नंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "काहून बोलले तुम्ही असं? तो माणूस परत येणार नाही आता."

"नाही तर नाही," मी म्हणालो.

आरसा कपाटात गेला. मी फोन केला नाही, त्यानंही केला नाही. मंडळाच्या कार्यक्रमांना तो दिसेनासा झाला. चूक त्याची होती याबद्दल मला खात्री होती, आणि खात्री असली की झोप बरी लागते.

जुलैमध्ये बोट इतकं सुजलं की अंगठी मांसात रुतली. नंदा मला घराजवळच्या सराफाकडे घेऊन गेली. त्यानं बारीक करवतीनं अंगठी कापली, बोट मोकळं केलं, आणि अंगठी पांढऱ्या कागदावर टकटक आपटली.

"भाईसाब, इसमें तो रेत भरी है," तो म्हणाला.

मी त्याचं भिंग मागून घेतलं. त्या दुकानात ती रेत नाही हे कळणारा मी एकटाच होतो. काळे, चमकणारे, धारदार कोनांचे कण. साबणाचा वाळलेला थर आणि त्यात रुतलेली ऐंशी नंबरची, सगळ्यांत जाड भुकटी, अगदी पहिल्या आठवड्यातली. पन्नासेक कण असतील. खड्याखाली ती महिनोन्‌महिने बसून होती आणि मी रोज वरवर ब्रश फिरवत होतो.

"काय आहे?" नंदानं विचारलं.

मी तिला सांगितलं. तिनं सराफाचे पैसे दिले आणि पायऱ्या उतरली. चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तो कागद पुडीसारखा घडी करून मी गढ्याला गेलो. तुळशीराम घरीच होता. त्यानं खुर्ची पुसून दिली, भाच्याच्या मुलीला चहा ठेवायला सांगितलं. त्याच्या मनगटात नवा काळा दोरा होता. मी पुडी उघडून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं बोटाच्या टोकानं एक कण उचलला, अंगठ्यावर घासला आणि मान हलवली.

"माहीत होतं जी मला," तो म्हणाला. "त्याच दिवशी."

"काय माहीत होतं?"

"रेघ काठापासून निघाली होती ना. माझे हात काचेच्या मधोमध राहतात. तुमची बोटं काठावर उतरतात. मधलं बोट तर बाहेरच लटकून राहते."

"मग बोलला काहून नाहीस? मी तुला एवढं बोललो, तू ऐकून घेतलंस?"

तो जरा हसला. "एकदा बोललो होतो साहेब. त्या गेजच्या वेळेस."

मला आठवायला वेळ लागला, आणि आठवल्यावर वाटलं की आठवलं नसतं तर बरं. वीस वर्षं तरी झाली असतील. त्याच्या मालाला मी फुल्या मारत होतो आणि तो टेबलाशी येऊन म्हणाला होता, साहेब, माल बरोबर आहे, गेज झिजलंय. सगळ्या सेक्शनसमोर मी म्हणालो, "आता गेज तुला तपासणार की तू गेजला?" लोक पोट धरून हसले. आठवड्यानं मी ते गेज तपासून पाहिलं तर खरंच झिजलं होतं. मी ते गुपचूप बदललं. त्याच्या नोकरीच्या कार्डावर मी मारलेला खराब कामाचा शेरा तसाच ठेवला.

माफी मागायलाच मी गेलो होतो. म्हणालो काय, तर "पॉलिश बाकी आहे. ये उद्यापासून."

"आता नाही होत जी. खांदे दुखून राहिले," तो म्हणाला. "तुम्हाला येते ना आता. आवाज ऐकत जा फक्त."

घरी येऊन मी आलोकला फोन लावला. ओरखडा किती खोल घासून काढावा लागेल ते विचारलं. तो म्हणाला, "काढू नका काका. एका रेघेनं आरशाला काहीही होत नाही, डोळ्याला कळणारसुद्धा नाही. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." वही उघडून पाहिली. भुकटीचे नंबर होते, फेऱ्यांचा हिशेब होता, राळेचं प्रमाण होतं. हे वाक्य नव्हतं. ओरखडा असलेली वस्तू चालते, असं मला कोणी सांगितलं तरी ऐकू येत नसावं.

उरलेलं पॉलिश मी एकट्यानं केलं. डोळे मिटून, आवाज ऐकत. ऑक्टोबरमध्ये आरसा मुलाम्याला पाठवला, नोव्हेंबरात नळीत बसवला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गच्चीवरून शनी पाहिला. पिवळसर, छोटा, आणि त्याचं कडं यंदा फार बारीक, पेन्सिलीनं ओढल्यासारखं. ओरखडा कुठंच नव्हता. इतका स्वच्छ दिसत होता की मला रडू आलं, आणि नंदानं न विचारता तुळशीरामला फोन केला.

तो शनिवारी सातच्या सुमारास आला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. गच्चीचा जिना चढताना दोनदा थांबला. मी शनी नळीच्या मधोमध आणून ठेवला होता आणि माझं भाषण तयार होतं. यावेळी माफी मागायचीच असं ठरवलं होतं.

"पाहण्याआधी मला काही बोलायचं आहे," मी म्हणालो. "तुळशीराम, तू... तुम्ही..."

"तुम्ही काहून म्हणून राहिले जी?" तो ओशाळला.

मी थांबलो नाही. ओरखड्याचं बोललो, अंगठीचं बोललो, गेजचं बोललो, कार्डावरच्या शेऱ्याचं बोललो. माझ्याइतका आंधळा इन्स्पेक्टर झाला नसेल असंही म्हणालो. चार-पाच मिनिटं मी बोलत होतो आणि तो दुर्बिणीशेजारी मान खाली घालून उभा होता. शेवटी मी म्हणालो, "पाहा आता. आरसा तुमचा आहे."

त्यानं चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. हात जोडले. मग वाकून डोळा लावला आणि बराच वेळ तसाच राहिला.

"दिसला?"

"हो जी," तो म्हणाला. "दिसला. छान आहे."

मला इतकं हलकं वाटलं की मी त्याला मिठीच मारली. नंदानं चहा आणि चिवडा आणला. तो चिवड्याला चांगला म्हणाला, थंडीचं बोलला, आणि आठच्या आत निघाला, कारण गढ्याला जायला मग ऑटो मिळत नाही.

तो गेल्यावर मी सहज डोळा लावला. नळीत काळोख होता. एक बारकी चांदणी एका कडेला, बाकी काही नाही. पृथ्वी फिरते, तसा शनी नळीतून सरकत बाहेर जातो. मिनिटा-दीड मिनिटात जातो, म्हणून पाहणाऱ्याला आधी उभं करायचं आणि मग नळी लावायची. हे वहीत होतं, माझ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारलेलं. मी भाषण करत होतो तेव्हाच तो निघून गेला होता.

सकाळी मी फोन केला.

"तुळशीराम, काल तुम्हाला काय दिसलं? खरं सांगा."

"शनी दिसला ना साहेब."

"नळीत शनी नव्हता. मी नंतर पाहिलं."

मागं वर्कशॉपचं मशीन चालू असल्याचा आवाज येत होता.

"मग दिसला काहून म्हणालात?" मी विचारलं.

"तुम्ही लावून दिला होता जी," तो म्हणाला. "मी कोण नाही म्हणणारा?"

दुर्बीण अजून गच्चीवर झाकून ठेवली आहे. शनी फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत संध्याकाळी दिसेल, मग सूर्याआड जाईल. मी रोज सहाला फोन करतो. ऑटो पाठवतो म्हणतो, मी स्वतः घ्यायला येतो म्हणतो. तो कधीच नाही म्हणत नाही. "हो जी साहेब," म्हणतो, "उद्या येतो."